डुकराची किडनी माणसाला: तुम्ही काय म्हणता?

खारपाणपट्टा (तेल्हारा)
मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ६२ वर्षांच्या माणसाला डुकराची किडनी बसवली. त्या डुकराच्या जनुकांत ६९ बदल होते. आपलं शरीर ज्यामुळे परका अवयव ओळखून त्याच्यावर तुटून पडतं, ती डुकराची ३ जनुकं काढली, माणसाची ७ घातली आणि डीएनएत दडलेल्या विषाणूंच्या ५९ प्रती निकामी केल्या. माणूस दोनेक महिने जगला. मृत्यू किडनीमुळे झाल्याचं दिसत नाही, असं हॉस्पिटलने सांगितलं.

माझा लहान भाऊ आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीने अकोल्याला डायलिसिसला जातो. त्याच्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवलं की आत मोटर चालू असल्यासारखी थरथर लागते. आई त्याचं दिवसाचं पाणी एका बाटलीत मोजून ठेवते, मे महिन्यात ती दुपारीच रिकामी होते. आईला शुगर, मला बीपी, त्यामुळे दोघांचीही किडनी त्याला देता येत नाही. हे संशोधन आपल्याकडेही व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

कपाशीवाला (यवतमाळ)
भाऊ, तुमचं दुःख मोठं आहे. पण मी २००२ पासून बीटी, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेली कपाशी पेरतो. पहिली काही वर्षं फवारणी वाचली, खोटं कशाला बोलू? २०१७ ला बोंड फोडलं तर आत गुलाबी अळी. २०२२ मध्ये बाल्टिमोरला डुकराचं हृदय बसवलेल्या माणसातही डुकराचा विषाणू निघालाच ना? आधीच्या तपासणीतून तो निसटला होता. अळी माझ्या वावरापुरती होती, विषाणू गावभर जाईल.

खारपाणपट्टा
तो डुकराचा सायटोमेगॅलो विषाणू माणसाला लागण करतो असं आढळलेलं नाही. आणि अळी बीटीला सरावू नये म्हणून पाकिटात बांधाकडेने पेरायला साध्या बियाण्याची वेगळी पुडी यायची. ती किती जणांनी पेरली?

माळकरी (शेगाव)
जीव चार भिंतींत वाढवायचा तो कापण्यासाठीच. माणूस वाचला म्हणून हे पाप धुतलं जात नाही.

सिस्टर (वर्धा)
दादा, डायलिसिस करताना रक्त गोठू नये म्हणून आम्ही हेपारिन देतो. ते डुकराच्या आतड्यापासूनच बनतं. मानवी इन्शुलिन १९८२ मध्ये आलं, त्याआधी डुकराचं नि गाई-बैलाचंच टोचत होते. त्यामुळे मला डुकराचं वावडं नाही. काळजी आहे ती नंतरची. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर, ठरल्या वेळेला. पुरात रस्ता बंद झाला की माझे पेशंट डायलिसिसलाच पोचत नाहीत, मग गोळ्या कोण पोचवणार? मला विचाराल तर आधी मरणोत्तर अवयवदान गावोगाव समजावून सांगा. तिथे माणसाचीच किडनी मातीत जाते आहे.

मास्तर (चिखली)
१९९७ मध्ये आसामात एका डॉक्टरने डुकराचं हृदय बसवलं होतं. रुग्ण आठवड्याभरात दगावला, डॉक्टरला १९९४ च्या मानवी अवयव कायद्याखाली अटक झाली. संशोधन जरूर करा, पण आधी त्यासाठी स्वतंत्र कायदा करा.

खारपाणपट्टा
सिस्टर, अवयवदानाचं पटलं. पण ते होईपर्यंत भावाने किती उन्हाळे काढायचे?

कपाशीवाला
पुडीचं खरं आहे. मीही नाही पेरली. बांधावर येऊन पाहणारं कोणी नव्हतं. म्हणूनच विचारतो, डुकराच्या गोठ्यात रोज जाऊन पाहणारं कोण, ते आधी ठरलं पाहिजे.