उद्धरणांचा हिशेब आणि अहमद बॉडी

‘ज्याची उद्धरणं (म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखनात दिलेले संदर्भ) जास्त, त्याचं काम मोठं’ असं म्हणतात, ते सरसकट पटत नाही. गाडीभोवतीच्या हवेचंच घ्या. १९८४ साली एस. आर. अहमद, जी. राम आणि जी. फाल्टिन या तिघांचा संशोधन-पेपर आला. त्यातलं गाडीचं मॉडेल म्हणजे १०४४ मिलिमीटर लांबीचा, पुढून गोलसर, मागून तिरका कापलेला ठोकळा. ना खरी चाकं, ना आरसे. मागचा उतार ३० अंशांच्या जवळ नेला की ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, चढत जातो, त्याचा गुणांक साधारण ०.३८ पर्यंत, त्यापुढे जरा सरकलात की धाडकन उतरतो, कारण उताराच्या दोन्ही कडांवरचे जोरदार भोवरे टिकत नाहीत. (याच कोनापाशी माझ्या मेशने, म्हणजे संगणकावर हवेचा प्रवाह मोजण्यासाठी आखलेल्या जाळीने, मला आठवडाभर रडवलं होतं.)

राबले तिघं, पण ठोकळ्याला नाव लागलं एकट्याचं: ‘अहमद बॉडी’. आणि आता ते इतकं रुळलंय की कित्येक जण मूळ पेपर न उघडताच संदर्भ ठोकतात, काही तर नुसतं नाव घेऊन पुढे जातात. पहिल्यांची उद्धरणं मोजली जातात. दुसऱ्यांची कशी मोजणार?