संगणक सुरू होताच तीन प्रोग्राम उघडायचे आहेत: एक उघडतच नाही, एक अर्धवट उघडतो

पेठेतला झेरॉक्स
अप्पा बळवंत चौकाजवळ टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरवरच्या पीसीत विंडोज ११. सकाळी दुकान उघडणाऱ्याने नुसतं बटण दाबून पिन टाकावा आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, बिलिंग आणि व्हॉट्सॲप आपोआप उघडावं, एवढंच हवंय. विंडोज + आर दाबून 'शेल:स्टार्टअप' टाकलं, जे फोल्डर उघडलं त्यात तिन्ही शॉर्टकट ठेवले. व्हॉट्सॲप उघडतं. टायपिंगचं उघडत नाही आणि एररही येत नाही. बिलिंग उघडतं, पण 'डेटा पाथ सापडला नाही' म्हणतं. बंद करून पुन्हा उघडलं की नीट चालतं. डेटा आतल्या खोलीतल्या पीसीवर आहे, इथे झेड ड्राइव्ह म्हणून जोडलाय.

निळा पडदा
टायपिंगच्या आयकॉनवर निळी-पिवळी ढाल दिसते का? हाताने उघडताना 'यस / नो' विचारतं का? तसं असेल तर कारण तेच. ज्याला ॲडमिनची परवानगी लागते असा प्रोग्राम लॉगइनच्या वेळी स्टार्टअप फोल्डरमधून विंडोज उघडू देत नाही, आणि सांगतही नाही. तिथला शॉर्टकट काढून टाका आणि टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारं विंडोजमधलंच साधन) वापरा.

स्टार्ट मेनूत टास्क शेड्युलर शोधा, उजवीकडे 'क्रिएट टास्क' घ्या ('क्रिएट बेसिक टास्क' नको, त्यात पुढचे पर्याय सरळ मिळत नाहीत). जनरलमध्ये 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर टिक. ट्रिगर्समध्ये न्यू, 'ॲट लॉग ऑन', खाली 'डिले टास्क फॉर' ३० सेकंद. ॲक्शन्समध्ये प्रोग्रामची ईएक्सई फाइल द्या आणि 'स्टार्ट इन'मध्ये ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता, अवतरणचिन्हांशिवाय. हा रकाना ऐच्छिक दिसतो म्हणून लोक सोडून देतात, मग प्रोग्राम आपल्या फाइली विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये शोधत बसतो.

दोन टिका आधीपासून असतात, त्या काढा. कंडिशन्समधली 'फक्त एसी पॉवरवर असेल तरच' (लॅपटॉपवर हीच नडते) आणि सेटिंग्जमधली '३ दिवसांपेक्षा जास्त चालला तर थांबवा'. बिलिंगलाही असंच टास्क करा, फक्त डिले १ मिनिट ठेवा.

कोथरूडची वायर
टायपिंगचं बरोबर. पण बिलिंगला हायेस्ट प्रिव्हिलेजेस देऊ नका, आज अधूनमधून चालतंय तेही बंद पडेल. तुम्ही झेड ड्राइव्ह जोडला तो साध्या अधिकारात. ॲडमिन अधिकारात चाललेल्या प्रोग्रामला तो दिसतच नाही. एकाच लॉगइनची ही दोन वेगळी खाती समजा.

मुळात झेडच्या भरवशावर राहू नका. लॉगइननंतर ड्राइव्ह जोडला जायला वेळ लागतो, त्याआधीच बिलिंग उघडतं, म्हणून पहिल्यांदा पाथ सापडत नाही. बिलिंगच्या सेटिंगमध्ये डेटाचा पत्ता सरळ नेटवर्कचा द्या: दोन उलट्या तिरक्या रेषा, आतल्या पीसीचं नाव, एक उलटी तिरकी रेषा, शेअर केलेल्या फोल्डरचं नाव.

एवढ्यानेही भागणार नाही, कारण आतला पीसी नंतर चालू केला तर १ मिनिटाचा डिलेही अपुराच. त्यापेक्षा छोटी बॅच फाइल (एकामागून एक आज्ञा लिहिलेली .bat फाइल) करा: 'इफ एक्झिस्ट'ने तो नेटवर्क फोल्डर आहे का बघायचं, नसेल तर 'टाइमआउट'ने ५ सेकंद थांबून 'गोटू'ने परत वर जायचं, सापडला की 'स्टार्ट'ने बिलिंग उघडायचं. या फाइलचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवला तरी चालतो, टास्कची गरज नाही. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रन: मिनिमाइज्ड' करा, नाहीतर काळी खिडकी बघून दुकानातला मुलगा ती बंद करेल.

सिंगल क्लिक
ट्रिगरमध्ये चुकून 'ॲट स्टार्टअप' निवडू नका. 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' तर अजिबातच नको. प्रोग्राम चालू असतो पण खिडकी पडद्यावर येत नाही, आणि माणूस तासभर शोधत राहतो. शिवाय फास्ट स्टार्टअप (शट डाउन करताना विंडोज पूर्ण बंद न करता पुढच्या वेळी लवकर सुरू करणारी सोय) चालू असेल तर रात्री शट डाउन करून सकाळी सुरू केल्यावर 'ॲट स्टार्टअप'वाली टास्क चालेलच असं नाही. रीस्टार्ट केलं की चालते.

आणि कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये नजर टाका. प्रिंटरची अपडेट बघणारी, गाण्यांची, मीटिंगची ॲप्स तिथे हमखास असतात. ती डिसेबल करा. अँटिव्हायरसला हात लावू नका.

पेठेतला झेरॉक्स
ढाल आहे! टास्क केली, टायपिंगचं उघडलं. बॅच फाइलही चालली. आता आणखी एक: गुरुवारी वीज जाते, आल्यावर पीसी स्वतःहून सुरू होईल का? पिन काढून टाकावा का?

कोथरूडची वायर
पिन राहू द्या. काउंटरवरच्या पीसीत लोकांची आधार, पॅनची कागदपत्रं पडलेली असतात.

वीज आल्यावर सुरू होणं विंडोजच्या हातात नाही, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) आहे. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा, 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा 'एसी बॅक' अशा नावाचा पर्याय शोधा. 'लास्ट स्टेट' ठेवलं तर वीज जाताना चालू होता तरच पुन्हा सुरू होईल. रात्री बोर्डाचं बटण बंद करून जात असाल तर 'पॉवर ऑन' ठेवा; सकाळी बोर्ड चालू केला की पीसीचं बटणही दाबावं लागणार नाही.

यूपीएस असेल तर एक गोम आहे. यूपीएसच्या सॉफ्टवेअरने विंडोज शट डाउन केलं आणि यूपीएसची बॅटरी संपायच्या आत वीज आली, तर मदरबोर्डला वीज गेल्याचं कळतच नाही आणि पीसी बंदच राहतो. आणि बायोसमधली सेटिंग सकाळी पुसलेली दिसली, घड्याळही मागे गेलेलं असलं, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बटण-बॅटरी बदला.