मदत हवी आहे: टाइप-सी लॅपटॉपला कोणता चार्जर घेऊ?

मंडळी, आम्ही जर्मनीत असतो. इथे युरोपियन युनियनच्या नियमाने २८ डिसेंबर २०२४ पासून नवीन फोन, टॅब, कॅमेऱ्याला टाइप-सी पोर्ट लागतो आणि लॅपटॉपला २८ एप्रिल २०२६ पासून, म्हणून लेकीला टाइप-सीवालाच लॅपटॉप घेतला, तोही चार्जरशिवाय, घरी फोनचे चार पडलेत ना! तर काल २० वॅटचा लावला, तासभर झाला तरी बॅटरी १४ टक्क्यांवरून हलेचना. खोक्यावरच्या चित्रात ४५–६५ वॅट आणि खाली यूएसबी पीडी (टाइप-सीवरून जास्त वॅटने चार्ज करायची पद्धत) लिहिलंय. ६५चा घेतला तर फोनलाही चालेल का? आणि केबल जुनीच, फोनबरोबर आलेली, ती बदलावी लागेल? नियम खरंच चांगलाय, ड्रॉवरमधला वायरींचा गुंता कमी झालाय, पण सोमवारी तिची परीक्षा आहे, प्लीज लवकर सांगा.