निर्जलीकारक की शुष्ककारक?

पाटीपेन्सिल: शाळेतल्या प्रयोगांचं मराठी करतेय. साखरेवर संहत सल्फ्युरिक आम्ल ओतलं की ती पिवळी, तपकिरी, मग काळी होते आणि वाफा सोडत काळा खांब वर येतो, तो प्रयोग. मूळ मजकुरात आम्लाला ‘डिहायड्रेटिंग एजंट’ म्हटलंय. मी निर्जलीकारक लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून शुष्ककारक केलं. काय ठेवू?

जुनाबाजार: निर्जलीकारकच. शुष्ककारक म्हणजे ओलावा टिपणारा, बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी असते ना तसला. इथे साखर कोरडी खडखडीत आहे, रेणूत कार्बन १२, हायड्रोजन २२, ऑक्सिजन ११, त्यातले हायड्रोजन-ऑक्सिजन दोनास एक असे ओढून आम्ल पाणी बनवतं आणि मागे उरतो कार्बन. ३४२ ग्रॅम साखरेतून कागदावर १९८ ग्रॅम पाणी निघतं, बोला!

कडूकारलं: पाणी मुळात नाहीच तर ‘निर्जल’ कशाला करताय? तुमचाही शब्द खोटाच.

जुनाबाजार: मग कर्बोदकही खोटं म्हणा. कर्ब अधिक उदक. इतका चपखल शब्द घडवला कोणीतरी आणि आपण कार्ब्स कार्ब्स करत बसतो.

कडूकारलं: कर्ब पुस्तकातून कधीच गेला, आता कार्बन. चपखल असून काय उपयोग, पोरं म्हणत नाहीत.

आजोळ: आमचे आजोबा सोनार, ते सरळ तेजाब म्हणायचे. फारसीत तेज म्हणजे जहाल आणि आब म्हणजे पाणी, म्हणजे पाणी काढणाऱ्याच्या नावातच पाणी 😄

मीठभाकर: सोनाराचा तेजाब बहुतेक शोऱ्याचा असणार हो, नायट्रिक. सोन्यातली चांदी विरघळवायला. इथला गंधकाचा. बाकी ते ‘संहत’ काढा, ‘तीव्र’ लिहा, कुणालाही कळेल.

जुनाबाजार: अजिबात नको!! तीव्र वेगळं, संहत वेगळं. तीव्र म्हणजे पाण्यात जवळजवळ पूर्णपणे आयनांत फुटणारं, संहत म्हणजे ज्यात पाणी अगदी कमी असं. हायड्रोक्लोरिकपण तीव्रच आहे, ओता साखरेवर, येतो का बघा असा खांब. आणि सल्फ्युरिक पाण्यात विरल केलं तरी तीव्रच राहतं, पण मग साखरेचं फक्त ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, कोळसा नाही. (ओता म्हणजे खरंच ओतू नका, ते प्रकरण भयंकर तापतं.)

मीठभाकर: बोलताना आम्ही कडक ॲसिड म्हणतो, काही अडत नाही.

आजोळ: आणि साखर ‘जळते’ म्हणावं का? आमच्याकडे करपते. वासही आधी करपल्याचाच येतो, मग तो घसा धरणारा.

जुनाबाजार: तो सल्फर डायऑक्साइड. थोडा कार्बन आम्लाशी भिडतो त्यातून निघतो. जळणं म्हणू नका, हवेतल्या ऑक्सिजनचा इथे संबंध नाही.

पाटीपेन्सिल: अहो पण मी बाईंना काय कळवू?

कडूकारलं: शोरा फारसीच ना? शोर म्हणजे खारट असं कुठेतरी वाचलंय.