मदत हवी आहे: तुरटी फिरवली, पाणी गाळलं, तरी कूलरच्या ताट्या पांढऱ्याच!

कूलरग्रस्त

नमस्कार मंडळी. नागपूर, मानेवाड्याकडे राहतो. मे महिना आहे, पारा ४५ च्या घरात, त्यामुळे घरात सध्या माणसांपेक्षा कूलरची विचारपूस जास्त होते.

तर झालं असं की एप्रिलच्या सुरुवातीला वूडवूलच्या नवीन ताट्या बसवल्या. आता त्या हाताला पापडासारख्या कडक लागतात, वर पांढरी खरपुडी. पंपाच्या जाळीवरही तेच. कूलर नुसती हवा फेकून राहिला, गारवा नाही. पाणी बोअरचं, पण दिसायला काचेसारखं. तरी खबरदारी म्हणून टाकीत तुरटी फिरवतो आणि दुपदरी धोतरातून गाळून घेतो. लहानपणी आई पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, सकाळी हंड्याच्या तळाशी बोटभर गाळ असायचा. इथं गाळ दिसतच नाही.

माझी नववीतली पोरगी म्हणते, "बाबा, तुम्ही द्रावणाला निलंबन समजून राहिले." मला ते समजलं नाही, पण पोरीसमोर कबूल केलं नाही. इथं विचारतो:

तुरटीनं हा थर का थांबत नाही? आणि गरम पाण्यात पदार्थ जास्त विरघळतात म्हणतात, मग गीझरच्या कॉइलवरही असाच थर काहून?

शेजारचा_बोअरवाला

भाऊ, तुरटी कमी पडत असेल. दुप्पट टाकून पाहा.

रसायनवाली

दुप्पट टाकू नका जी! मी अकरावी-बारावीला रसायन शिकवते, जरा सविस्तर लिहिते. तुमची मुलगी बरोबर आहे.

गढूळ पाणी म्हणजे निलंबन. त्यात मातीचे कण तरंगत असतात. मोठे कण आपोआप बसतात, पण चिकणमातीच्या अगदी बारीक कणांवर सारखाच ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलतात आणि बसत नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, शिवाय पाण्यात चिकट गुठळ्या तयार करतं. कण त्यांत अडकून जड होतात आणि तळाशी जातात. आईंची तुरटी म्हणून चालायची.

तुमच्या बोअरच्या पाण्यात तरंगणारं काही नाहीच. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले आहेत, म्हणजे सुटे आयन (भार असलेले कण) होऊन पाण्याच्या रेणूंमध्ये मिसळलेले आहेत. ते द्रावण. धोतर सोडा, प्रयोगशाळेतला गाळणकागदही त्यांना अडवत नाही. उलट तुरटी स्वतः विरघळून पाण्यात सल्फेटची भर घालते, कॅल्शियम होतं तिथंच राहतं. आरपार दिसणारं पाणी नितळ असतं, रिकामं असतंच असं नाही.

आता कूलर. त्याचं कामच पाणी उडवणं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. तुमच्याकडे टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजायचं, मीटर आहे का? आकडा सांगा, हिशोब करू.

कूलरग्रस्त

शेजाऱ्यांचं आणलं. ८०० दाखवते. रोज साधारण ५० लिटर पाणी लागतं, टाकी रिकामी न करता वरून भर घालतो.

रसायनवाली

म्हणजे लिटरमागे साधारण ८०० मिलिग्रॅम. ५० लिटरला रोज ४० ग्रॅम. चाळीस दिवसांत दीड किलोच्या आसपास. (क्षारांचाही काही भाग वायू होऊन जातो, कसा ते पुढे सांगते, म्हणून सव्वा किलो धरा.) तो सगळा ताट्यांवर आणि टाकीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. तेव्हा तुमचं पाणी काही विचित्र नाही.

पण मीटर एकूण क्षार मोजतं, पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आहे, ते सांगत नाही. थर मिठाचा की चुन्याचा, हे घरीच ओळखा. खरपुडी खरवडून साध्या पाण्यात टाका. मीठ असेल तर विरघळेल, १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅमपर्यंत जातं. विरघळलं नाही तर दुसऱ्या तुकड्यावर व्हिनेगर सोडा. बुडबुडे आले की कॅल्शियम कार्बोनेट समजा. ते साध्या पाण्यात लिटरला जेमतेम १५ मिलिग्रॅम विरघळतं.

कूलरग्रस्त

केलं. पाण्यात ढिम्म. व्हिनेगरमध्ये फसफसलं, पोरगी नाचून राहिली.

पण १५ मिलिग्रॅमच विरघळत असेल तर पाण्यात इतकं आलं कुठून?

रसायनवाली

हा प्रश्न मला वर्गात फार कमी मुलं विचारतात, आणि सगळी गंमत तिथंच आहे. याचं उत्तर पानठेल्यावर मिळतं.

सुपारीएवढा चुना आणा, ग्लासभर पाण्यात ढवळा. पांढरं दूध होईल, ते निलंबन. रात्रभर झाकून ठेवा. वरचं नितळ पाणी अलगद काढा, ती चुन्याची निवळी, म्हणजे संपृक्त द्रावण, ज्यात आणखी चुना विरघळत नाही. लिटरमध्ये चुना फक्त पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. आता थोडी निवळी दहापट शुद्ध पाण्यात पातळ करून स्ट्रॉनं त्यात फुंका. (ओढायचं नाही, तोंड भाजेल. डोळ्यांतही उडू देऊ नका.) श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते दुधाळ होईल. तो तुमचा थर, कॅल्शियम कार्बोनेट.

आता थांबू नका. बराच वेळ फुंकत राहिलात की पाणी पुन्हा नितळ व्हायला लागतं! जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडनं कार्बोनेटचं बायकार्बोनेट झालं आणि ते चांगलं विरघळतं. जमिनीखाली हेच होतं. पावसाचं पाणी मातीतून जाताना हा वायू घेतं आणि खडकातलं कॅल्शियम उचलतं. तेच नितळ पाणी उकळा, वायू निघून जातो आणि दुधाळपणा परत येतो. तुमच्या गीझरच्या कॉइलवर हेच होतं. कूलरच्या ताटीवरून पाणी पातळ धारेत उतरतं, पंखा वारा खेचतो, पाणीही उडतं आणि वायूही. दुहेरी मार.

गरम पाण्यात सगळंच जास्त विरघळतं, हा नियम नाही. साखर जास्त विरघळते. मिठाला जवळपास फरक पडत नाही, १०० अंशाला ३९ ग्रॅम. चुन्याचं तर उलटं, उकळत्या पाण्यात तो निम्म्याहून कमी विरघळतो. वायूही उलटे. तुमच्याकडे माशांची टाकी असेल तर मे महिन्यात मासे वर येऊन तोंड उघडताना पाहिले असतील. २५ अंशाला लिटरमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पाणी तापलं की त्याहून कमी.

शेजारचा_बोअरवाला

मग बाथरूमचं ॲसिड ओतून टाकलं तर एका मिनिटात साफ!

रसायनवाली

आणि पत्र्याची टाकी दुसऱ्या मिनिटाला. ब्लीचिंग पावडर आधी पडली असेल तर वर क्लोरीन. नको. पंप आणि जाळी ढोकळ्यातल्या लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवा. दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, शिल्लक पाण्यावर भर घालत गेलं की ते दाट होत जातं. नळाचं पाणी मिळत असेल तर ते वापरा, पेंच-कन्हानचं पाणी बोअरपेक्षा बहुतेक वेळा हलकं असतं. वूडवूल मात्र वाचत नाही, फेकून द्या.

कूलरग्रस्त

आजचा अहवाल. पंप निघाला, ताट्या गेल्या, नवीन ताट्या बर्डीच्या बाजारातून आणल्या. पाच मिनिटं फुंकून माझं डोकं गरगरलं पण पाणी खरंच नितळ झालं. पोरीनं चुन्याच्या ग्लासावर "बाबांचा श्वास" अशी चिठ्ठी लावून तो खिडकीत ठेवलाय.

एक राहिलं. टाकीतलं काढलेलं पाणी वाया नको म्हणून आठवडाभर मोगऱ्याला घालून राहिलो, आणि त्याची नवी पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. हेही त्याच पाण्याचं का?

रसायनवाली

तशी दाट शक्यता आहे. आजपासून बंद करा, आणि त्यावर वेगळा धागा काढा.