शेव्हरॉन गेला, पण त्यावर उभ्या जुन्या निकालांचं काय?

कलमदान: अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जून २०२४ च्या लोपर ब्राइट निकालाने त्याच न्यायालयाचा शेव्हरॉन (१९८४) मोडीत काढला. कायदा संदिग्ध असेल तर एजन्सीचा वाजवी अर्थ न्यायालयांनी मानावा, असं शेव्हरॉन सांगत होता; आता अर्थ न्यायालयच ठरवतं. आता समजा, एका अमेरिकी संघीय एजन्सीचा नियम २००९ मध्ये अपील न्यायालयाने 'कायदा संदिग्ध आहे, एजन्सीचा अर्थ वाजवी आहे' एवढ्यावरच टिकवला होता. आज त्याला आव्हान देता येईल? आणि एजन्सीच्या मताची किंमत आता शून्य का?

तळटीप: देता येईल, जिंकणं अवघड. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालातच स्पष्ट केलंय की शेव्हरॉन लावून वैध ठरवलेली कृती वैधच राहते, खुद्द शेव्हरॉनमधली हवा-प्रदूषणाची बाबही. 'तो निकाल शेव्हरॉनवर उभा होता' एवढं कारण पूर्वनिर्णय फिरवायला पुरत नाही. मात्र एजन्सीने नंतर अर्थ बदलून नवा नियम काढला असेल, तर जुन्या निकालाची ढाल त्याला आपोआप मिळेल असं धरू नका.

आणि मुदत बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉर्नर पोस्ट निकालानुसार (१ जुलै २०२४) आव्हानाची सहा वर्षांची मुदत नियम निघाल्यापासून नाही, वादीला झळ बसल्यापासून मोजतात. २०२३ मध्ये झळ बसली असेल तर २०२९ पर्यंत वेळ आहे. पण मूळ कायद्यातच वेगळी मुदत असेल तर हे लागू नाही. स्वच्छ हवा कायद्यात ती ६० दिवस आहे. इथेच बरेच जण फसतात.

उलटतपासणी: किंमत शून्य नाही. एजन्सीच्या मताला त्याच्या पटण्याजोगेपणाइतकं वजन देणारा स्किडमोर निकाल (१९४४) शाबूत आहे: विचार किती सखोल, तर्क कितपत पटणारा, आधीच्या-नंतरच्या मतांशी मेळ आहे का. कायदा झाल्याबरोबर लावलेला आणि पुढे न बदललेला अर्थ जड पडतो. दर सरकारबरोबर कोलांटउडी मारणारा हलका.

शिवाय हा निकाल कायद्याच्या अर्थापुरता आहे. वस्तुस्थिती आणि धोरणाच्या निर्णयांना अजून 'मनमानी आहे का' हीच सैल कसोटी. कायद्यात 'योग्य', 'वाजवी' असे शब्द टाकून संसदेने निवड एजन्सीवर सोपवली असेल, तर बांध कुठे ते न्यायालय ठरवतं, आतली मशागत एजन्सीची. म्हणून सरकारी वकील हल्ली 'संदिग्धता' सोडून 'अधिकार सोपवलाय' असं मांडू पाहतात.

कलमदान: एजन्सीने स्वतःच्याच नियमाचा लावलेला अर्थ?

तळटीप: तो आउअर-किसोरचा रस्ता, म्हणजे एजन्सीने स्वतःच्या संदिग्ध नियमाचा लावलेला अर्थ न्यायालयांनी मानावा असं सांगणारे निकाल. लोपर ब्राइटने तो बंद केलेला नाही. पण किसोरने (२०१९) तो फार अरुंद केला: खरी संदिग्धता, अधिकृत भूमिका, एजन्सीचं तज्ज्ञतेचं क्षेत्र. खटल्यापुरता काढलेला सोयीचा अर्थ तिथे चालत नाही.