मदत हवी आहे: डाएटच्या डब्यात घरची ताजी भाजी किती घालू?

कोशिंबीरवाली: डाएटचा डबा लावून सोळा दिवस झाले. सहा आठवड्यांचे पैसे आधीच भरलेत, परत मिळत नाहीत, तेव्हा 'बंद कर' कोणी सांगू नका. भाजी वाटीच्या तळाशी असते आणि सॅलड म्हणजे कोबीच्या चार ओल्या पट्ट्या. झाकण उघडलं की आधी वास येतो. काल मंडईतून काकडी, ढब्बू मिरची, बीट, पालक, मोडाचे मूग आणि पेरू आणले. यातलं काय, किती घालू? दुपारी चारला भुकेने हात थरथरतात, ऑफिसात काम सुचत नाही. लवकर सांगा, काकड्या मऊ पडतील.

पंचावन्न_मिनिटं: चारला खायचंच कशाला? दीक्षित सरांप्रमाणे दोनदा जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा. मी ११ किलो उतरवले.

तूपभात: झालं सुरू! दिवेकर बाईंचं ऐका, चारला दाणे खा, भूक मारू नका.

पंचावन्न_मिनिटं: त्या दाण्यांनीच माझी बायको वाढली.

तूपभात: बायकोला दाखवू का हे?

वजनकाटा: डबा किती वेळचा? किती कॅलरींचा?

कोशिंबीरवाली: दोन वेळचा. झाकणावर १२०० लिहिलंय. दिवसाचे की एका डब्याचे, देव जाणे. फोन उचलत नाहीत. भाजीचं सांगा ना.

वजनकाटा: कोशिंबीर कशी करता?

कोशिंबीरवाली: नेहमीसारखीच. दही, थोडं दाण्याचं कूट, वरून तुपाची फोडणी.

वजनकाटा: थोडं म्हणजे? शंभर ग्रॅम काकडीत जेमतेम १५ कॅलरी, शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर. काकडी-मिरची पोटभर खा, कूट चहाच्या चमच्याने मोजा. मूग वाफवून वाटीभर. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगते, तुमच्या डब्यात त्याच्या निम्म्या तरी असतील का?

गच्चीतला_माळी: मंडईचा पालक नकोच. तेलाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडा, माती-शेणखत घाला, महिन्याभरात घरचा पालक. बी हवं असेल तर सांगा.

कोशिंबीरवाली: महिन्याभरात माझे पैसे संपतील हो.

रात्रपाळी_सिस्टर: हात थरथरतात हे कोणी वाचलंच नाही का? घाम येतो? कसल्या गोळ्या चालू आहेत?

कोशिंबीरवाली: घाम येतो, पण आमचा एसी बंद आहे. शुगरची गोळी आहे, चार वर्षं झाली. तिचा भाजीशी काय संबंध?

रात्रपाळी_सिस्टर: नाव सांगा.

कोशिंबीरवाली: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र. सकाळी नाश्त्याच्या आधी. नाश्ता हल्ली करत नाही, डब्यात येत नाही ना.

रात्रपाळी_सिस्टर: अहो बाई! ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही खाल्लंय की नाही ते बघत नाही. जेवण निम्म्यावर आलं, नाश्ता गेला आणि गोळी तेवढीच. थरथर सुरू झाली की बोट टोचून मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. काकडीने तेव्हा भागायचं नाही. गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना फोन आजच करा. आणि नाश्ता उद्यापासून सुरू.

पंचावन्न_मिनिटं: गोळीचं आधी सांगायचं ना! मग मी दोनदा जेवायचं लिहिलंच नसतं.

कोशिंबीरवाली: विचारलं कुणी होतं? ग्लुकोमीटर शेजारच्या काकूंकडून आणलाय.

(दुसऱ्या दिवशी)

कोशिंबीरवाली: काल सव्वाचारला ६१. साखर घेतली, वीस मिनिटांनी ८८. डॉक्टर फोनवर आधी ओरडले. मग गोळी बदलली आणि सकाळी मुगाचं धिरडं खाऊनच घराबाहेर पडायचं म्हणाले. सिस्टर, तुम्हाला मनापासून धन्यवाद. कूट आता चमच्याने. पण बीट चालेल का, ते शेवटी कोणीच सांगितलं नाही.

वजनकाटा: चालेल. कच्चं किसून, अर्धी वाटी.

नवीन_सभासद: डबा कुठला ते कळेल का? मलाही लावायचाय.